अकरा खेपा

भाऊसाहेबांनी पेपरची घडी घालून ती मांडीखाली सरकवली, म्हणजे आता ते बोलणार. पेपर एकदा मांडीखाली गेला की दुसऱ्या कुणाला वाचायला मिळत नाही आणि त्यांना खोटं पाडायला पुरावा उरत नाही. एकतीस वर्षं तलाठी होते. दप्तर आपल्याच बुडाखाली ठेवायची सवय रिटायर झाल्यावरही सुटलेली नाही.

"धर्मांतराविरुद्ध कायदा पाहिजेच," ते म्हणाले. "आणि ते मिशनवाल्यांचे परदेशी पैशाचे परवाने रद्द केले, तेही बरंच झालं. दवाखाने काढतात, शाळा काढतात, दुष्काळात धान्य वाटतात. कशासाठी? फुकट कुणी काही करतं का?"

"तू तर पैसे घेऊनही करत नव्हतास," आढाव म्हणाला.

चहावाल्या पोराच्या हातातली किटली हिंदकळली. दिल्ली गेटजवळच्या बंद छापखान्याच्या पायरीवर आम्ही वीस वर्षं बसतोय, पण आढावाच्या तोंडाला अजून कुणी टाळं लावू शकलेलं नाही. जन्म एसटीत गेला, निम्मा नगर-जामखेड रूटवर. घर ख्रिस्ती, पण देवळात नाताळ आणि ईस्टरलाच दिसतो, तोही शेवटच्या बाकावर.

"वैयक्तिक जायचं नाही," भाऊसाहेब म्हणाले. "मी तत्त्वाचं बोलतोय. सेवा खरी असेल तर तिच्यामागं हेतू नसावा."

"आमच्या आत्याला विचारा मग," पोपट म्हणाला. पोपट जामखेडकडचा. कुठल्याही वादात त्याची आत्या येतेच, फक्त आज ती योग्य जागी आली. ही आत्या जामखेडच्या ख्रिस्ती आरोळे डॉक्टरांकडं शिकलेली, गावची आरोग्यसेविका. कागदावर अंगठा लावणारी बाई. पोरांना हगवण लागली की मीठ-साखरेचं पाणी करायची आणि आधी स्वतः चाखायची. डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं की ओतून द्यायचं, हे तिचं माप. दिवस गेलेल्या बाईच्या नडगीवर अंगठा दाबून धरायची. खड्डा पडून तसाच राहिला, म्हणजे अंगावर सूज, की रात्र असो, पाऊस असो, दवाखान्यासाठी बैलगाडी जुंपायला लावायची.

"ज्या अंगठ्यानं सावकारानं तिचं रान घेतलं ना," पोपट म्हणाला, "त्याच अंगठ्यानं तिनं किती बाया वाचवल्या."

"हे मात्र चूक होतं," डॉक्टर मध्येच म्हणाले. आमचे डॉक्टर होमिओपॅथीचे. "अडाणी बायकांच्या हाती बाळंतपणं द्यायची? आज कुणी असं केलं तर केस होईल."

"एकाहत्तर साली त्या भागात हजार जन्मांमागं १७६ पोरं वर्षाच्या आत जात होती," आढाव म्हणाला. "तेव्हा केस कुणावर टाकली होती? पुढं वीस-बावीस वर्षांत तो आकडा विसाच्या आसपास आला, तो याच बायांनी आणला. आणि डॉक्टर, तुम्हाला काय वाईट वाटतंय? साखरपाणीच देत होत्या. तुमच्यासारखंच. फक्त त्यांच्यात मीठ होतं."

यावर डॉक्टर स्वतःच सगळ्यात जास्त हसले. म्हणून तर ते कट्ट्यावर टिकलेत.

रजनीकांत आणि मेबल आरोळे, दोघंही वेल्लोरला शिकलेले. लग्नाच्या दिवशीच शपथ घेतली की खेड्यातल्या गरिबांसाठी काम करायचं, आणि १९७० ला जामखेडला आले. १९७९ चं मॅगसेसे, नव्वदचं पद्मभूषण, हे सगळं नगरकराला पाठ असतं. आढावाला त्यातलं काही सांगायचं नव्हतं. त्याला बोअर सांगायची होती.

"बहात्तरचा दुष्काळ. पाण्याला बोअर घ्यायच्या होत्या. आरोळ्यांनी जागा बघून ठेवल्या त्या दलित वस्तीत. पाणी लागलं. मग वरच्या आळीच्या बाया हंडे घेऊन खालच्या आळीत यायला लागल्या, रांगेत. भाषण नाही, मोर्चा नाही. तहान लागली की माणूस कुठंही येतो."

"ते सरकारनंही केलं असतं," भाऊसाहेब म्हणाले.

"सरकारी टाकी कुठल्या आळीत बसते, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?"

भाऊसाहेबांनी मांडीखालचा पेपर काढला, उगाच झटकला, परत मांडीखाली घातला. मग त्यांनी खरा पत्ता टाकला. "आणि पंडिता रमाबाईंचं ते विधवांसाठीचं शारदासदन? १८९३ ला रानडे-भांडारकरांसारख्यांनी अंग का काढून घेतलं? ते काय वेडे होते?"

मुद्दा बिनतोड होता. भाऊसाहेब कधी कधी वाचून येतात, आणि त्या दिवशी आम्हाला त्यांची जरा भीती वाटते.

आढावानं बिडी विझवली. "नव्हते वेडे. धर्मात लुडबुड करणार नाही असा शब्द होता, तो मोडला असं त्यांना वाटलं. पोरींच्या आई-बापांचा रागही खोटा नव्हता. मी नाही म्हणत नाही. पण तीनच वर्षांनी मोठा दुष्काळ पडला, तेव्हा मध्य प्रांतात जाऊन तिथल्या उपाशी पोरी दौंडजवळच्या केडगावला आणल्या कुणी? बाईनंच ना?"

"आणल्या आणि बाटवल्या. दुष्काळात पोटासाठी बाटलेच की लोक."

"बाटलो," आढाव म्हणाला. "आमचा खापरपणजा सत्त्याहत्तरच्या दुष्काळातला. अठराशे सत्त्याहत्तर. पोटासाठी बाटला, असं तुझ्या आज्यापासून तुम्ही सांगताय. मग पोटाला तुम्ही का नाही घातलं? धर्म तुमच्या घरात, कणगी तुमच्या घरात, न् उपाशी मरायचं मात्र आम्ही."

मी चहा प्यायलो. दुसरं काही सुचलं नाही.

पोपटानं वातावरण हलकं करायला आत्या परत आणली. "आमच्या आत्याला तर कुणी ख्रिस्ती हो म्हणून म्हटलंच नाही. चाळीस वर्षं काम केलं, आषाढीला पंढरपूर चुकवलं नाही."

"बघा!" डॉक्टरांनी मांडीवर थाप मारली. "म्हणजे धर्माचा संबंधच नाही. हे निव्वळ समाजकार्य."

आता आढाव खरा चिडला, आणि गंमत म्हणजे डॉक्टर त्याच्या बाजूनं बोलत असताना चिडला. "बाटवलं तर हेतू वाईट. नाही बाटवलं तर ते ख्रिस्तीच नाही. मग आमच्या माणसानं चांगलं काम करायचं तरी कसं, तुम्हीच सांगा! शास्त्रात ती शोमरोन्याची गोष्ट आहे. वाटेत मार खाऊन पडलेला माणूस. शोमरोन्यानं त्याला तेल लावलं, द्राक्षारस लावला, जनावरावर घातलं, उतारशाळेत नेलं, वर खर्चाचे पैसे दिले. त्याचा सातबारा नाही मागितला. आरोळे ते वाचून जामखेडला गेले. आता त्याला काय म्हणायचं ते म्हणा."

"त्या गोष्टीत आधी एक याजक येतो ना?" मी विचारलं. लहानपणी मिशनच्या शाळेत होतो, तेवढं आठवत होतं.

"येतो, बघतो, पलीकडच्या बाजूनं निघून जातो. तो आमच्या हल्लीच्या चर्च कमिटीतला." आढाव थुंकला. "आज्यांच्या काळात मिशन कंपाउंडच्या दवाखान्यात रांगा लागायच्या. आता रांग कोर्टात लागते, जागा कुणी विकायची म्हणून. त्यांच्यावर आण तुझा कायदा, भाऊसाहेब. मी सही करतो."

भाऊसाहेबांना एवढं सहकार्य अपेक्षित नव्हतं. ते परदेशी पैशावर परतले. त्यावर पोपट म्हणाला, गावात पाणी अडवायच्या पाणलोट कामाचे पैसेही जर्मनीचेच होते, पण आले नाबार्डमधून. आणि ते काम उभं करणारे बाखर फादर स्वित्झर्लंडचे. गावानं आधी श्रमदान करून दाखवायचं, चराईबंदी पाळायची, कुऱ्हाडबंदी पाळायची, मगच काम मिळणार. त्याच्या मेव्हण्याच्या गावात एक म्हातारी ओरडत फिरायची, फादर आला न् माझ्या शेळ्या गेल्या. पुढं विहिरीला पाणी आलं तेव्हा तीच म्हातारी गायी घेऊन बसली, पण फादरवरचा राग काही गेला नाही.

"राग राहू द्यावा," डॉक्टर म्हणाले. "आढावाचा नाही का राहिला?"

हा इशारा वारस नोंदीचा होता. सगळ्यांना माहीत आहे, तरी दर महिन्याला ऐकतो. आढावाचा बाप वारला तेव्हा चावडीवर भाऊसाहेबच होते.

"अकरा खेपा!" आढाव उठून उभाच राहिला. "वर्गमित्र म्हणून बाराव्या खेपेला काम झालं. चहा दर वेळी माझा. अरे, माझ्या आजीला मिशनच्या दवाखान्यात एका खेपेत दात काढून मिळायचा!"

"एकच होता तिला," भाऊसाहेब म्हणाले.

त्या दिवसातला त्यांचा एवढाच चेंडू सीमेपार गेला, पण गेला झकास. हसण्यातच ते उठले, पेपर काखेत मारला आणि चेतकला किक मारू लागले. चार, पाच, सात. चेतक ढिम्म.

आढाव मागं जाऊन उभा राहिला. स्टेपनीवर हात ठेवला, पण जोर लावेना.

"ढकल की!"

"थांब. आधी माझा हेतू तपासून घे. मी ख्रिस्ती माणूस आहे."

"आढाव, ऊन लागतंय."

"लेखी देऊ का? तलाठ्याचा दाखला लागेल का?"

"ढकल रे बाबा, हेतू नंतर बघू!"

पोपट हसून पायरीवरच बसला, म्हणून आढाव आणि मी, दोघांनीच ढकललं. छापखान्यापासून पानटपरीपर्यंत. सेकंड गिअरला क्लच सुटला, चेतकनं काळा धूर आमच्या तोंडावर सोडला आणि भाऊसाहेब मागं न बघता हात हलवत चौकात वळले.

"डबल बेल," आढाव खोकत म्हणाला.

चहावाला पोरगा पाच बोटं दाखवत उभा होता. पाच चहा. भाऊसाहेबांचाही त्यातच.

"बारावी खेप," आढाव म्हणाला आणि खिशात हात घातला.