कंपनी आली म्हणून ओला-सुका एकत्र टाकायचा?

“कचरा महापालिकेकडून काढा, खासगी कंपनीला द्या, शहर चकाचक होईल” असा पाच मुद्द्यांचा संदेश सोसायट्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. आत्याच्या सोसायटीच्या कमिटीनं तो वाचून ओल्या-सुक्याचे वेगळे डबे बंद करायचा ठराव येत्या सभेसाठी तयार केलाय. म्हणून हे लिहावं लागतंय.

सर्वांत घातक मुद्दा आधी घेतो. “घरी वर्गीकरणाची गरज नाही, कंपनीची यंत्रं ते करतात.” ही यंत्रं म्हणजे सरकता पट्टा, फिरती चाळणी, लोखंड ओढणारं चुंबक आणि हवेचा झोत. चाळणी आकार बघते, झोत वजन बघतो. आमटीत भिजलेला पुठ्ठा जड झालेला असतो, तो झोतानं उडत नाही; हातानं वेगळा काढला तरी भंगारवाला घेत नाही. कॉम्पॅक्टर गाडीत कचरा दाबला की काच फुटते आणि तिचा चुरा भाजीच्या देठांत मिसळतो. पुढे खत चाळताना तो चुराही खताबरोबर खाली पडतो. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे शहरी कचऱ्याच्या खताचे किमान ९० टक्के कण ४ मिमीच्या चाळणीतून जायला हवेत आणि शिसं किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या आत हवं. बारीक काच त्या चाळणीतून सहज जाते आणि बॅटऱ्या, रंगाचे डबे यांतून ओल्यात उतरलेले जड धातू कुठलीच चाळणी काढू शकत नाही. असं खत शेतात कोण घालेल? २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग करायची जबाबदारी कचरा करणाऱ्यावरच टाकली, ती याच कारणानं. गाडी कोणाच्या मालकीची आहे, यानं त्यात काहीही बदलत नाही.

“कचऱ्यातून वीज होते, कंपनी फुकटात काम करेल.” हा प्रयोग आपल्या देशात होऊन गेलाय. दिल्लीत तिमारपूरला १९८७ साली रोज ३०० टन कचरा जाळायचा प्रकल्प डॅनिश तंत्रज्ञान आणून उभारला. भट्टीला किलोमागे सुमारे १,४६० किलोकॅलरी उष्णता देणारा कचरा हवा होता, आला ६००-७०० चा. काही आठवड्यांत प्रकल्प बंद पडला. ओला कचरा आणि झाडलोटीची माती भट्टीत गेली की बरीचशी उष्णता पाणी उकळण्यातच खर्च होते. त्यामुळे वीज करायची म्हटली तरी सुका कचरा आधी घरातच कोरडा ठेवावा लागतो.

“कंपनीला नफा हवा, म्हणून ती काम चोख करते.” नफा कशावर मिळतो ते बघा. वाहतुकीचं कंत्राट बहुधा प्रतिटन असतं. मग कचरा जितका ओला, जड आणि मिसळलेला, तितकं बिल मोठं. गाडीत राडारोडा भरणं किंवा काट्यावर रिकाम्या गाडीचं वजन कमी दाखवणं हे त्यातले ठरलेले प्रकार. वर्गीकरणानं वजन घटतं, म्हणजे कंत्राटदाराचं उत्पन्नच घटतं. यावर उपाय कंत्राटातच करावा लागतो: ओल्या-सुक्याचं वजन वेगळं, राडारोड्याला शून्य पैसे, प्रत्येक फेरीला रिकाम्या गाडीचंही वजन आणि शेवटी क्षेपणभूमीवर किती टाकाऊ गेलं त्यावर दंड.

“स्वीडनमध्ये बघा, तिथे कचरा खासगी कंपन्याच सांभाळतात.” हे उदाहरण तर उलटंच आहे. तिथे घरगुती कचऱ्याची कायदेशीर जबाबदारी नगरपालिकांची आहे आणि २०२४ पासून घराघरांतली वेष्टनं गोळा करायचं कामही त्यांच्याकडेच आलंय.

“कचरावेचक भंगार विकतात, वर पैसेही मागतात.” हो, दोन्ही घेतात. पुण्यात ‘स्वच्छ’ ही वेचकांची सहकारी संस्था २००८ च्या करारापासून याच पद्धतीनं चालते: घरटी शुल्क आणि सुक्याची विक्री. बाटली वेगळी काढली तर पैसे वेचणाऱ्या बाईलाच मिळतात, म्हणून ती निगुतीनं काढली जाते. प्रतिटन कंत्राटात नेमकं हेच कारण नसतं.

एक गोष्ट मान्य करावी लागते. महापालिकांच्या गाड्या सुट्या भागांअभावी महिनोन्‌महिने उभ्या राहतात, आणि जुने ढिगारे उपसून चाळण्याची अवजड यंत्रं खासगी कंपन्यांकडेच चांगली असतात. ती कामं त्यांना जरूर द्या. पण बऱ्याच शहरांत वाहतूक आधीपासून कंत्राटावरच आहे, हे संदेश लिहिणाऱ्याला ठाऊकच नाही.

कमिटीला खरंच काही करायचं असेल तर माहितीच्या अधिकारात १० रुपयांत अर्ज करून वॉर्डाचं कंत्राट मागवा. देयकाचं कलम वाचा, काट्याच्या पावत्या मागा. आणि सभेतला तो ठराव मागे घ्या.