गेंड्याची पावली (२५ पैशांचं नाणं) दुर्मीळ आहे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

"सांगलीत घरोघरी डबे भरून पडलेली गेंड्याची पावली ऑनलाइन दीड लाखाला जाते. संकटातल्या प्राण्याचं स्मारक नाणं आहे ते, आणि तुम्ही साधं म्हणता?"

दादा, घरोघरी डबे भरून असेल तर ते दुर्मीळ कसं? स्मारक नाणं एखाद्या प्रसंगासाठी निघतं, जसं कॅनडानं २०११ मध्ये वुड बायसन, ऑर्का आणि बहिरी ससाण्याची २५ सेंटची नाणी काढली. आपला गेंडा हे रोजचं चलन होतं: १९८८ ते २००२, स्टेनलेस स्टील, १९ मिलिमीटर. ३० जून २०११ पासून २५ पैसे चलनातून बाद झाले, एवढंच.

दीड लाख ही मागितलेली किंमत आहे, मिळालेली नव्हे. आणि घेणारा आधी "नोंदणी फी" मागत असेल तर एक रुपयाही पाठवू नका. जुन्या नाण्यांच्या व्यवहारात रिझर्व्ह बँकेच्या नावानं फी मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं त्या बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच बजावलंय.

डबा मात्र जरूर धुंडाळा. सालाखालची टांकसाळीची खूण बघा: पत्त्यांतल्या चौकटसारखी खूण म्हणजे मुंबई, तारा हैदराबाद, ठिपका नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. मग सिंह सरळ ठेवून नाणं वरखाली दोन बोटांत धरा आणि उभ्या अक्षावर फिरवा. गेंडाही सरळच दिसला पाहिजे. चांगलाच तिरका किंवा उलटा आला तर साचा फिरलेला आहे. असं नाणं, किंवा ठसा एका कडेला सरकलेलं, संग्राहक खरंच जास्त देऊन घेतात. बाकीच्यांत झीज बघायची. खांद्यावरच्या चिलखतासारख्या घडीची धार भिंगाखाली शाबूत दिसली तर नाणं फारसं हाताळलेलं नाही.

"चिंच-मीठ लावून चकाकवलं" असं तुम्ही लिहिलंय, ते वाचून वाईट वाटलं. तांब्या-पितळेची रीत इथे लावू नका. मिठातल्या क्लोराइडनं स्टीलवर बारीक खड्डे पडतात, घासल्यानं मूळ झळाळी कायमची जाते. कोमट पाण्यात साबणाचा एक थेंब, दहा मिनिटं भिजवणं, धुऊन सुती कापडानं टिपणं. पुसायचंसुद्धा नाही. आणि कृष्णाकाठच्या पावसाळी ओलीत मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका. त्यातून चिकट थर सुटतो. पुठ्ठ्याची, मायलरची (पॉलिएस्टरच्या पारदर्शक फिल्मची) खिडकी असलेली चौकट घ्या, डब्यात सिलिका जेलची पुडी टाका.