चेंबर फुटलं, क्लेम नाकारला आणि एक स्टार आम्हाला : गॅरेजकडून उत्तर

नमस्कार साहेब. रिव्ह्यू वाचला. एक स्टार दिलाय आणि लिहिलंय की आम्ही सर्व्हिसिंगला तेलाचा बोल्ट ढिला ठेवला म्हणून इंजिन गेलं, मग विम्याच्या सर्वेअरशी (नुकसान तपासायला येतो तो) संगनमत करून तुमचा क्लेम बुडवला, आणि वर गाडी अडकवून इंजिन खोलायचे पैसे पण मागतोय. तुमचं नाव, गाडीचा नंबर मी इथं टाकत नाही, पण तुम्ही चारचौघात बोललाय तर उत्तर पण चारचौघातच देतो, जरा लांबेल.

आधी बोल्टचं बघू. टोइंगवरून गाडी उतरवून लिफ्टवर घेतली तेव्हा तुम्ही शेजारीच उभे होता. ड्रेन बोल्ट जागेवर होता, वॉशरसकट टाईट, आणि सर्व्हिसिंगच्या वेळी बोल्टवरून चेंबरवर, म्हणजे इंजिनच्या खालच्या तेलाच्या भांड्यावर, ओढलेली पिवळ्या पेंटची रेघ जशीच्या तशी सरळ. बोल्ट थोडा जरी फिरला असता तरी ती रेघ तुटलेली दिसली असती. तेल गळालं ते चेंबरच्या पुढच्या कोपऱ्यातून, तिथं अल्युमिनियम आत दबलंय आणि बोटभर चीर पडलीय, चिरेत तांबडी माती आणि खडीचा चुरा अडकलेला. ती माती आमच्या गॅरेजातली नव्हे, आंबा घाटातली आहे. फोटो तारखेसह आहेत, तुमच्या मोबाईलवर पण त्याच संध्याकाळी पाठवलेत, वर सरकवून बघा.

आता प्रवासाचं, आणि हे सगळं तुम्हीच सांगितलेलं आहे. रत्नागिरीहून येताना रस्त्याच्या कामापाशी खालून दणका बसला, थांबून टायर बघितले, टायर ठीक म्हणून निघाला. आंबा सोडल्यावर पुढं लाल किटलीचा दिवा लागला, तुम्हाला वाटलं सर्व्हिसची आठवण करून देतोय. मलकापूर मागं पडलं, मग खटखट आवाज सुरू झाला आणि बांबवड्याच्या अलीकडं गाडी बंद पडली ती पुन्हा फिरलीच नाही. साहेब, तो दिवा तेल किती आहे ते सांगत नाही, तेलाचं प्रेशर गेलंय ते सांगतो. म्हणजे पंप तेलाऐवजी हवा ओढायला लागला, क्रँक (इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा) आणि तो ज्यात फिरतो त्या शेलच्या मधली तेलाची पातळ फिल्म गेली आणि लोखंडावर लोखंड घासायला लागलं. दिवा लागल्या लागल्या चावी बंद केली असती तर बहुतेक चेंबर बदलून, तेल भरून तुम्ही दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन गेला असता. हे तुम्हाला टोचायला लिहीत नाही, ही गाडी चालवणाऱ्या कुणालाही हे माहीत पाहिजे म्हणून लिहितोय, कारण हा दिवा इंजिन ऑइल बदलायचा म्हणून समजणारे गिऱ्हाईक माझ्याकडं सारखे येतात.

सर्वेअर. तो आमचा माणूस नाही, त्याला विमा कंपनी नेमते, पैसे पण तीच देते. इंजिन त्याच्यासमोर उघडलं, डिपस्टिक कोरडी, फिल्टर कापला तर आत चांदीसारखी बुकणी, क्रँकच्या तिसऱ्या जर्नलचं (शेलमध्ये फिरणाऱ्या गोल भागाचं) शेल फिरून एकावर एक चढलेलं आणि क्रँक तिथं जळून निळा पडलेला. हे त्यानं लिहून घेतलं. आम्ही काय म्हणणार, क्रँक चकाचक आहे? आणि दिवा लागल्यावर मलकापूरच्या पुढं गाडी आणली हे वाक्य क्लेम फॉर्मवर तुमच्या अक्षरात आहे, आमच्या काउंटरवर बसून एजंटला फोन लावून तुम्हीच भरलाय. ते आता बदलायला जाऊ नका बरं का, दोन वेगळ्या हकीकती झाल्या की चांगला मुद्दा पण मातीत जातो.

एजंटनं तुम्हाला बंपर टू बंपर आहे, सगळं कव्हर आहे म्हणून सांगितलं. बंपर टू बंपर म्हणजे झिरो डेप, म्हणजे मंजूर झालेल्या पार्टवर घसारा कापत नाहीत, एवढंच. तेल गळून इंजिन जाणं किंवा पावसात इंजिनात पाणी शिरणं याच्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं वेगळं ॲड-ऑन असतं आणि तुमच्या पॉलिसीच्या कागदावर ते नाही, मी तुमच्यासमोर वाचून दाखवलं. याचा राग एजंटवर काढायचा सोडून आमच्यावर काढला.

आता मी तुमच्या बाजूनं बोलतो, कारण कंपनीच्या पत्रात दोन ओळीत सगळाच क्लेम नाकारलाय, मेकॅनिकल ब्रेकडाउन (गाडी आपोआप बिघडणं) आणि कॉन्सिक्वेन्शियल लॉस (एका नुकसानीतनं पुढं झालेलं दुसरं नुकसान) म्हणून, ते मला पण पटलेलं नाही. खालून दगड लागणं हे ब्रेकडाउन कसं होईल? पॉलिसीत आग, चोरी, पूर यांच्या बरोबरीनं बाहेरच्या कारणानं झालेला अपघात पण लिहिलेला आहे आणि चिरेतली माती त्याचाच पुरावा आहे. म्हणजे चेंबर, त्याचं पॅकिंग, ते बसवायची मजुरी आणि टोइंगचे १५०० रुपयांपर्यंत, हे त्यांनी द्यायला पाहिजे होतं, कंपल्सरी डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये मालकानं सोसायची ठरलेली रक्कम, वजा करून, तुमची गाडी १५०० सीसीच्या आतली म्हणून ते १००० रुपये. इंजिनचं मात्र अवघड आहे, खोटी आशा दाखवत नाही. अपघातानंतर दुरुस्ती न करता गाडी चालवली तर वाढलेलं नुकसान मालकाच्या जोखमीवर, अशी स्पष्ट अट पॉलिसीच्या कंडिशनमध्ये आहे आणि ते त्याच्यावरच बोट ठेवणार. तुमचा मुद्दा एकच उरतो, की दगडानं चेंबर फुटलं हे कळायला मार्ग नव्हता, तुम्ही थांबून बघितलं, वरून काही दिसलं नाही, आणि मूळ कारण तो दगडच. ऐकतील न ऐकतील, मांडायला काय जातंय.

मांडायचं कुठं ते सांगतो. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी द्या, सर्वेअरच्या रिपोर्टची कॉपी त्याच पत्रात मागा, आणि चेंबरची रक्कम इंजिनपासून वेगळी करून मागा, नाहीतर परत सगळं एका गाठोड्यात नाकारतील. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडं (विमा कंपनीविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) जा, आपल्या कोल्हापूरचं ऑफिस पुण्यात नारायण पेठेत आहे. फी नाही, वकील लागत नाही, तिथं वकील चालत पण नाही, फक्त नकार मिळाल्यापासून वर्षाच्या आत जायचं. नाहीतर जिल्हा ग्राहक आयोग आहे, तिथं दोन वर्षांची मुदत असते, पण आयोगात केस चालू असताना लोकपाल तेच प्रकरण घेत नाही म्हणून आधी विचार करून एक रस्ता धरा.

राहिलं आमचं बिल. इंजिन खोलायची मजुरी आम्ही मनानं लावलेली नाही, क्लेम मंजूर झाला नाही तर हा खर्च ग्राहकाचा, हे जॉब कार्डवर मराठीत छापलंय आणि त्याच्या खाली तुमची सही आहे. सर्वेअरनं बघितल्याशिवाय इंजिनला हात लावता येत नाही आणि उघडल्याशिवाय त्याला काय दिसणार? माझ्या दोन पोरांनी त्यावर काम केलंय, त्यांचा पगार विमा कंपनी देत नाही. पार्किंगचा एक रुपया पण बिलात नाही, बिल परत वाचा, तुम्ही पार्किंग म्हणताय ती ओळ टोइंगची आहे. आणि गाडी अडकवलेली पण नाही, हाफ इंजिन (इंजिनचा खालचा अर्धा भाग) टाकायचं की उद्यमनगरात क्रँक ग्राइंड करून, म्हणजे घासून, त्या कमी झालेल्या मापाचं अंडरसाइज शेल बसवायचं हे दोन्ही एस्टिमेट तुम्हाला दिलेत, तुमचा निरोप आला की काम सुरू. क्रँकचं माप घेऊन ठेवलंय, ग्राइंडिंगला पुरेल एवढं मटेरियल आहे, निम्म्याहून कमी पैशात होईल. गाडीच्या कंपनीतनं नवीनच टाका म्हणणारे भरपूर भेटतील, माझं मत विचाराल तर या गाडीला गरज नाही.

मात्र काम झालं तरी जुने पार्ट घेऊन जायची घाई करू नका. फुटलेलं चेंबर, फिरलेलं शेल, कापलेला फिल्टर, सगळं तुमचं नाव घालून पोत्यात बांधून ठेवलंय, भंगारात दिलेलं नाही आणि तुमचा निकाल लागेपर्यंत देणार पण नाही. चेंबर आणि इंजिनचं वेगवेगळं एस्टिमेट लेटरहेडवर करून सही-शिक्का मारून तयार आहे, तेलाच्या बोल्टचा फोटो पण जोडलाय, लोकपालाकडं त्याचा तुम्हालाच उपयोग होईल, कारण गॅरेजचीच चूक म्हणून कंपनी हात झटकेल तर तोच फोटो आडवा येणार.

स्टार वाढवा म्हणून सांगत नाही, तो तुमचा हक्क. संगनमत हा शब्द तेवढा काढा, नाहीतर कुणी, कधी, किती पैसे घेतले ते लिहा. कागद न्यायला येताना पॉलिसीची पूर्ण प्रत आणा, पहिलं पान नव्हे, अटींची पानं. सोमवारी गॅरेज बंद असतं, बाकी दिवशी संध्याकाळी सातपर्यंत मी स्वतः असतो.