कूलर बंद कर, त्रिपाठी बोलतोय

पेपरातले समीक्षक पिच्चर एसीत बसून बघतात, शांततेत बघतात आणि वर त्याचे पैसेही मिळतात, म्हणून त्यांना अडीच स्टार तीन स्टार असलं काही सुचतं. त्यांना म्हणावं जळगावात या, मे महिन्यात, घरभर पाहुणे असताना एक मर्डर मिस्ट्री बघून दाखवा, मग बोलू आपण स्टारचं.

‘मर्डर मुबारक’ नेटफ्लिक्सवर आला 15 मार्च 2024 ला. आमच्या घरात तो आला आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कारण तेव्हा सगळ्या लेकी-बाळी माहेरी जमतात आणि चुलतभाऊ पुण्याहून त्याचा पासवर्ड घेऊन येतो. दुपारी रस आणि खापराच्या पुरणपोळ्या दाबून झाल्या होत्या, खरं म्हणजे त्यानंतर माणसाने आडवं व्हावं, पण भाऊ म्हणाला मस्त सस्पेन्स आहे, लावू का. लावू का विचारतो आणि लगेच मोबाईल काढून रिव्ह्यू वाचतो, ही काय पद्धत आहे राव! कोणी म्हटलंय पात्रं फार झाली, कोणी म्हटलंय मधे फार रेंगाळतो, पंकज त्रिपाठीचं मात्र कौतुक, संयत अभिनय वगैरे.

आता हा संयत अभिनय आमच्याकडे किती महागात पडला ते ऐका. हा माणूस त्यात एसीपी भवानी सिंग आहे आणि सगळी चौकशी अशी हळू आवाजात करतो की जणू शेजारी बाळ झोपलंय. आमचा कूलर पत्र्याचा, जुना, चालू झाला की गल्लीला कळतं. कूलर चालू तर एसीपी ऐकू येत नाही, कूलर बंद तर पाचव्या मिनिटाला सगळे घामाने थबथबलेले. शेवटी आत्याच्या पोराला बटणापाशी बसवला. त्रिपाठी दिसला की बंद, बाकीचे बोलले की चालू. बाकीच्यांवर हा अन्यायच होता पण डिंपल कपाडिया, करिश्मा कपूर, संजय कपूर, सारा अली खान, विजय वर्मा, टिस्का चोप्रा एवढे सगळे एका पिच्चरमधे घेतल्यावर कोणाकोणासाठी घाम गाळायचा? सबटायटल लावून पाहिले तर नाना ते मोठ्याने वाचायला लागले, तेही एक वाक्य मागे.

स्टोरी दिल्लीच्या एका उच्चभ्रू क्लबातली. तिथला जिम ट्रेनर बेंच प्रेसखाली मेलेला सापडतो, आधी वाटतं अपघात, मग नाही. मोठी माय तोवर डुलक्या घेत होती, तेवढ्यात नेमके डोळे उघडले आणि म्हणाली, “इतलं लोखंड उचलाले कोनी सांगेल व्हतं?” तिच्यापुरती केस तिथेच क्लोज. आत्याला खुनाशी काही देणंघेणं नाही, तिला एकच कोडं, हे लोक कामाला कधी जाता? दिवसाढवळ्या क्लबात बसता, पिता, एकमेकांना टोमणे मारता, यांचं घर कसं चालतं. मला वाटतं हा मुद्दा मोठ्या मोठ्या रिव्ह्यूवाल्यांच्या हातून निसटला.

पण खरा ताप नाना. नानांची थिअरी अशी की खुनी ओळखायला स्टोरी लागतच नाही, फक्त बघायचं की एवढा नावाजलेला नट एवढ्या फालतू कामाला का घेतलाय, तोच खुनी. ऐंशी टक्के हिंदी सस्पेन्स याच्यावर सुटतात असं ते सांगतात, आणि गंमत म्हणजे ते फार काही खोटं नाही, कास्टिंगनेच भांडं फुटलेले कितीतरी पिच्चर आपण पाहिलेत. इथे मात्र पंचाईत झाली, कारण यात सगळेच नावाजलेले.

मग नानांनी दुसरा रस्ता धरला. हा पिच्चर अनुजा चौहान यांच्या 2021 च्या ‘क्लब यू टू डेथ’ कादंबरीवरून काढलाय आणि चुलतभावाने ती वाचलीय हे त्यांना समजलं. झालं! नानांनी खुर्ची फिरवली, टीव्हीकडे पाठ, तोंड भावाकडे. मागून आवाज येतोय आणि हे भावाच्या चेहऱ्याकडे टक लावून. तो जरा हसला की “हाऊच शे!” त्याने नाक खाजवलं की “नाही नाही, ही बाई.” तो बिचारा शेवटी उशी तोंडावर घेऊन बसला, आणि उशी नेमकी कोणाच्या सीनला घेतली यावरून नानांनी आणखी दोघांना आत टाकलं. एकदा तर एसीपीवरच संशय.

असा हा सव्वादोन तासांच्या वरचा पिच्चर आम्ही चहा, लाइट आणि एक नळाचं पाणी धरून रात्री आठला संपवला. खुनी कोण ते मी सांगत नाही, तुमच्याही घरी कोणी नाना असतील. आमचे नाना मात्र म्हणाले, मी सांगितलंच होतं, आणि ते खरंही होतं, कारण त्यांनी कोणालाच सोडलं नव्हतं.

रात्री आत्याने धुळ्याला जाऊबाईंना फोन लावून पूर्ण स्टोरी सांगितली. त्यात क्लबचा झाला होता बंगला, ट्रेनरचा झाला ड्रायव्हर, आणि खुनी तर भलताच. भाऊ मधेच दुरुस्ती करायला उठला होता, मीच त्याला खाली बसवला, कारण आत्याचा खुनी जास्त पटत होता.