काटकसरीचा जीआर कसा काढावा

राज्याच्या तिजोरीत खडखडाट झाला की पहिली गोष्ट, घाबरायचं नाही. दुसरी, खर्च कमी करायला जायचं नाही. तो कमी होत नसतो, आणि त्याच्या मागे लागलेल्याची बदली होते. तुम्ही फक्त काटकसर करायची. खर्च वेगळा, काटकसर वेगळी. दोघांचा संबंध लावणं हा राज्याचे हिशेब तपासणाऱ्या महालेखापालांचा छंद आहे, त्यांना तो करू द्यावा.

कात्री कुठं लावायची ते ठरवण्यासाठी एखादं लेखाशीर्ष, म्हणजे अर्थसंकल्पातलं खर्चाचं खातं, उघडा. खाली ओळीनं उद्दिष्टं, म्हणजे खर्चाचे क्रमांक दिलेले प्रकार, दिसतील: ०१ वेतन, ११ देशांतर्गत प्रवास खर्च, १३ कार्यालयीन खर्च, २६ जाहिरात व प्रसिद्धी, ५३ मोठी बांधकामे. वेतन, निवृत्तिवेतन आणि कर्जावरचं व्याज यांना हात लावता येत नाही. ५३ ला लावला तर आमदार दालनात येऊन बसतात. २६ ला लावला तर काटकसर केल्याची जाहिरात कशातून द्यायची? उरले ११ आणि १३. म्हणजे तालुक्याच्या ऑफिसातला टोनर, झेरॉक्सचे कागद आणि बांधावर जाणाऱ्या कृषी सहायकाचा प्रवासभत्ता. कात्री इथं चालवा. रक्कम डोळ्यांत भरणार नाही, टक्केवारी भरेल. मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा, पण बोळा मात्र जीआर काढून घातलेला हवा.

आता खरी विद्या. राज्याचे हिशेब रोखीच्या पद्धतीनं लिहिले जातात. पैसा तिजोरीतून बाहेर पडला तरच तो खर्च. काम झालं, मोजमाप पुस्तिकेत नोंद झाली, देयक सादर झालं, तरी पैसे दिले नाहीत तोवर तुटीच्या आकड्यात त्याचा मागमूस नाही. हे एकदा नीट समजून घेतलंत की अर्थशास्त्र शिकायची गरज उरत नाही. ठेकेदार हा राज्याचा बिनव्याजी सावकार आहे. त्याच्याकडून रस्ता करून घ्यावा, उद्घाटन करावं आणि देयकाला पुढच्या आर्थिक वर्षाच्या शुभेच्छा द्याव्यात. (तो पुढच्या निविदेत हे व्याज दरात धरतो, पण तेव्हा कदाचित खातं दुसऱ्याकडे असेल.)

नवी कामं घेताना हात आखडता घेऊ नका. काम कोट्यवधींचं असलं तरी लेखाशीर्षाखाली १ हजार रुपयांची लाक्षणिक तरतूद पुरते. मतदारसंघात फलक लागतो, ‘अर्थसंकल्पात समाविष्ट’, आणि फलकाचा खर्च त्या तरतुदीपेक्षा जास्त असतो.

आता मार्च महिना. अर्थसंकल्पात तरतूद दाखवणं आणि बीम्स या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर निधी सोडणं यांत जे अंतर आहे, तिथं तुमची बचत राहते. वर्षभर निधी अडकवून ठेवा. दरम्यान वित्त विभागाचं नेहमीचं परिपत्रक येईल की १५ फेब्रुवारीनंतर खरेदीला मंजुरी नाही. मग निधी ३१ मार्चला, दिवे लागणीनंतर सोडा. आहरण व संवितरण अधिकारी, म्हणजे कार्यालयाची देयकं काढणारा अधिकारी, आणि त्याचा लिपिक स्क्रीनसमोर बसलेले असतात. निधी खर्च करायची परवानगी देणाऱ्या प्राधिकारपत्राची प्रत निघाल्याशिवाय देयक कोषागारात जात नाही, आणि अख्खं राज्य एकाच वेळी तेच बटण दाबत असल्यानं मधलं चक्र नुसतं फिरत राहतं. प्रत निघाली, तर शिपाई मोटरसायकलवर कोषागाराकडे सुटतो. नाही निघाली, तर बारा वाजता निधी व्यपगत. व्यपगत म्हणजे वाया गेला असं अडाणी लोक समजतात. तुम्ही ‘बचत’ म्हणा.

व्यपगत होणं सोसवत नसेल, तर पैसे काढून स्वीय प्रपंजी लेख्यात, म्हणजे अधिकाऱ्याच्या नावानं असलेल्या सरकारी ठेव खात्यात, ठेवून द्या. कागदावर खर्च झाला, प्रत्यक्षात जागचा हलला नाही. महालेखापाल त्यावर लिहितात. विधिमंडळाची लोकलेखा समिती तो अहवाल वाचेपर्यंत आज शाळेत असलेला मुलगा कक्ष अधिकारी झालेला असतो.

योजनांबाबत मात्र नाजूक हात हवा. योजना कधीही बंद करू नये, अटी आठवाव्यात. लाडकी बहीण योजनेत अडीच लाखांच्या उत्पन्नाची आणि चारचाकीची अट पहिल्यापासून लिहिलेली होती. निवडणुकीआधी ती वाचायची नसते, एवढंच. निकालानंतर चष्मा लावा. पीएम किसान आणि नमो शेतकरीचे मिळून महिन्याला १ हजार मिळणाऱ्या बहिणीला दीड हजारातले ५०० द्या. लहान योजनेला एवढेही कष्ट नकोत. शिवभोजन थाळीत ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात आणि १०० ग्रॅम वरण, किंमत १० रुपये. बाकीचे शहरात ४० आणि ग्रामीण भागात २५ रुपये शासनानं केंद्रचालकाला द्यायचे. ते काही महिने देऊच नका. आधी वरण पातळ होतं, मग किराणावाला उधारी थांबवतो, मग एक दिवस शटर खालीच राहतं. योजना बंद केल्याचा जीआर काढावा लागत नाही.

एवढं करूनही तूट भरत नसेल, तर ती मार्चमध्ये सगळी दाखवायची सक्ती नाही. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली तूट ४५,८९१ कोटी आणि राजकोषीय तूट १,३६,२३५ कोटी दाखवली होती; जूनच्या शेवटी ५७ हजार कोटींहून जास्त पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाला मंजुरी मागणारे प्रस्ताव, सभागृहात आल्या. संविधानाच्या अनुच्छेद २०५ मध्ये याची सोय आहे. घटनाकारांनी ती अचानक उद्भवणाऱ्या खर्चासाठी ठेवली असावी. तिमाही संपता संपता खर्च अचानक उद्भवतोच.

शेवटी जीआरचा मसुदा. सुरुवातीला संदर्भांची यादी असते, त्या ‘वाचा’ खाली मागच्या सगळ्या काटकसरीच्या जीआरचे क्रमांक घाला, म्हणजे अर्धं पान भरतं. आदेश एका परिच्छेदात, अपवाद तीन परिच्छेदांत. मग अंमलबजावणीवर लक्ष ठेवायला समिती नेमा: अध्यक्ष, सात सदस्य, एक सदस्य सचिव, दरमहा बैठक. चहा, अल्पोपाहार आणि गाड्यांचं डिझेल ‘१३ कार्यालयीन खर्च’ मधून भागवावं असं लिहू नका, तिथं तुम्हीच कात्री लावलेली आहे. डिसेंबरमध्ये नागपूरला अधिवेशन आहे, तिथल्या पुरवणी मागण्यांत टाकून द्या.