‘निम्म्या पैशात सहल’ : काकांनी पाठवलेल्या फॉरवर्डला उत्तर

‘सहलीला निम्म्या पैशात जा! एजंट कधीच सांगणार नाहीत ती सहा गुपितं.’ हा मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर एका आठवड्यात तीनदा आला. तिसऱ्यांदा मोठ्या काकांनीच टाकला, वर ‘सर्वांनी वाचा’ असं लिहून. गुपितं अशी : तिकीट अगदी शेवटच्या दिवशी काढा, स्वस्त पडतं. विमानाचे दर इन्कॉग्निटोमध्ये (म्हणजे साइटला तुमचे आधीचे शोध दिसत नाहीत अशा ब्राउझरच्या खिडकीत), मंगळवारी मध्यरात्री बघा. रेल्वेचं वेटिंग असलं तरी खुशाल चढा, टीसी सोय करतो. ज्येष्ठांची सवलत पुन्हा सुरू झाली आहे. बारा तासांत परत आलात तर टोल माफ. आणि ऑफ सीझनला तीच सहल निम्म्या खर्चात.

घरातली तिकिटं काढायचं काम वीसेक वर्षं माझ्या गळ्यात आहे. राहायला डोंबिवली, गाव कुडाळजवळ, त्यामुळे वर्षातून दोनदा तरी हे ओझं असतंच. काकांना फोनवर सांगितलं असतं तर ‘तू नेहमीच फाटे फोडतेस’ झालं असतं, म्हणून लिहूनच टाकते.

शेवटच्या दिवशी स्वस्त? रेल्वेत उलट आहे. ऐनवेळी मिळतं ते तत्काळ, आणि त्याला मूळ भाड्यावर जादा आकार लागतो. स्लीपरला माणशी 100 ते 200 रुपये, थर्ड एसीला 300 ते 400. चौघांचं कुटुंब थर्ड एसीने जाऊन-येऊन तत्काळवर गेलं, तर नुसत्या या आकाराचे 3,200 रुपयांपर्यंत होतात. वर बेत फिसकटला तर कन्फर्म तत्काळचा एक पैसा परत मिळत नाही. एसीचं तत्काळ आदल्या दिवशी सकाळी 10 ला उघडतं, स्लीपरचं 11 ला, आणि जुलै 2025 पासून आधार जोडल्याशिवाय ऑनलाइन तत्काळ निघतच नाही. हे माहीत नसल्याने आमच्याकडचा एक भाचा बरोबर दहाला लॉगिन करून बसला आणि दहा वाजून चार मिनिटांनी आधारचा ओटीपी शोधत होता.

राजधानी, शताब्दी, दुरांतोला तर 2016 पासून फ्लेक्सी भाडं आहे. जागा विकल्या जातील तसं भाडं टप्प्याटप्प्याने वर चढतं, म्हणजे शेवटी येणारा सगळ्यात जास्त भरतो. चार्ट लागल्यावर उरलेल्या जागा करंट बुकिंगला निघतात हे खरं, पण मे महिन्यात किंवा गणपतीत कोकणच्या गाडीला उरतं काय?

खरा पैसा वाचतो तो कॅलेंडरमध्ये. आगाऊ आरक्षणाची मुदत 1 नोव्हेंबर 2024 पासून 120 दिवसांवरून 60 दिवसांवर आली. काकांच्या डोक्यात अजून चार महिनेच आहेत. 2025 ला गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला होती. 25 तारखेला निघायचं तर बुकिंग 26 जूनला सकाळी 8 ला उघडलं. त्या दिवशी आठ वाजता मी चहा गॅसवर ठेवून बसले होते, चहा उतू गेला पण स्लीपरची चार तिकिटं निघाली. ज्यांनी ‘बघू नंतर’ केलं ते खासगी बसला गेले, आणि गणपतीत त्या बसवाले काय घेतात ते कोकणातल्या माणसाला मी सांगायला नको.

विमानाच्या गुपिताची गंमत मी करूनच पाहिली. एका रविवारी मी आणि मावसबहीण, दोघींनी एकाच वेळी, एकाच साइटवर, एकाच विमानाचा दर बघितला. मी साध्या ब्राउझरवर, आधी दहा वेळा शोधलेलं असताना. ती इन्कॉग्निटोमध्ये, पहिल्यांदाच. दर रुपयापर्यंत सारखा. संध्याकाळी तो वाढला, तोही दोघींकडे सारखाच. मंगळवारच्या मध्यरात्रीही जागून पाहिलं, झोपमोडीपलीकडे हाती काही लागलं नाही. एका प्रयोगावरून शास्त्र मांडत नाही, पण विमानाचा दर कसा ठरतो हे बघितलं की याचं कारण कळतं. एकाच विमानातल्या सारख्याच खुर्च्या वेगवेगळ्या दरांच्या गटांत वाटलेल्या असतात. स्वस्त गटातल्या संपल्या की पुढचा, महाग गट उघडतो. दर त्या विक्रीवर आणि मागणीवर हलतो.

यातून एक उपयोगाची गोष्ट निघते, जी फॉरवर्डमध्ये नाही. स्वस्त गटात दोनच जागा उरल्या असतील आणि तुम्ही चौघांचं तिकीट शोधलंत, तर चौघांनाही पुढच्या गटाचा दर लागतो. म्हणून आधी एकाचं शोधा, मग दोघांचं, मग चौघांचं. दर उडी मारत असेल तर दोन-दोन करून काढा. तोटा एवढाच की पीएनआर वेगळे होतात, आणि विमान रद्द झालं तर दोन ठिकाणी भांडावं लागतं. म्हातारी माणसं बरोबर असतील तर मी हे करत नाही.

आणखी एक. ‘नॉन-रिफंडेबल’ लिहिलेलं वाचून लोक रद्द केलेल्या तिकिटाकडे पाठ फिरवतात. मूळ भाडं गेलं तरी सरकारी कर आणि विमानतळाचे आकार परत द्यावे लागतात, असा डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचा, नियम आहे. तिकीट रद्द करून ते मागून घ्या. न जाणाऱ्याने गप्प बसण्यात काहीच शहाणपण नाही.

वेटिंगवर चढणं हा सहातला सगळ्यात घातक सल्ला. ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट लागल्यावर पूर्ण वेटिंगलाच राहिलं, तर ते आपोआप रद्द होतं. किरकोळ कपात होऊन पैसे खात्यात येतात, म्हणजे तुमच्या हातात तिकीटच उरत नाही. तसंच चढलात तर तुम्ही विनातिकीट : पूर्ण भाडं अधिक किमान 250 रुपये दंड, तोही माणशी. टीसीने ‘सोय’ केल्याच्या कथा सगळ्यांकडे असतात, पण रात्री दीड वाजता पोराला मांडीवर घेऊन दरवाजाजवळ उभं राहिल्याची कथा कुणी फॉरवर्ड करत नाही.

त्यापेक्षा वेटिंग कसलं आहे ते बघायला शिका. जीएनडब्ल्यूएल, म्हणजे सर्वसाधारण वेटिंग, बहुधा गाडी सुटते त्या स्टेशनापासून किंवा त्याच्या जवळून निघणाऱ्यांना मिळतं, आणि कन्फर्म व्हायची शक्यता त्याचीच जास्त. मधल्या दोन स्टेशनांचं तिकीट काढलं की बऱ्याचदा पीक्यूडब्ल्यूएल, म्हणजे मधल्या स्टेशनांच्या सामाईक कोट्याचं वेटिंग, पदरी पडतं, आणि ते हलता हलत नाही. थोडं जास्त भाडं भरून सुरुवातीच्या स्टेशनापासून तिकीट काढायचं आणि बोर्डिंग पॉइंट ऑनलाइन बदलून आपल्या स्टेशनावर चढायचं. शंभर-दीडशे रुपये जास्त जातात, रात्र वाचते.

ज्येष्ठांची सवलत रेल्वेने 20 मार्च 2020 पासून बंद केली. पुरुषांना 40 टक्के होती, बायकांना 50. ती परत आल्याचा मेसेज दर काही महिन्यांनी येतो, हे लिहीपर्यंत ती परत आलेली नाही. वयाचा उपयोग आता लोअर बर्थपुरता.

सवलत हवी तर एसटीकडे जा. 75 च्या पुढे फुकट, 65 ते 75 ना अर्धं, आणि 17 मार्च 2023 पासून सगळ्या बायकांना अर्धं. आमची आत्या 67 ची. तिने कंडक्टरला विचारलं, ‘बाईचं अर्धं आणि म्हातारीचं अर्धं, मग माझं पाव तिकीट ना?’ कंडक्टर मशीनवरून मान वर न करता म्हणाला, ‘आजी, मग मी घरी काय नेऊ?’ दोन्ही एकत्र मिळत नाहीत. आणि ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. कुडाळहून पणजीला जाताना बांद्याच्या पुढे हद्द संपली की तिथून पूर्ण भाडं.

टोलचं बारा तासांचं गणित कुठल्या नियमात आहे, मला सापडलं नाही. राष्ट्रीय महामार्गावर 24 तासांत परत आलात तर जाण्या-येण्याचा मिळून एकेरीच्या दीडपट टोल लागतो, म्हणजे परतीला अर्धा. माफ नाही. त्याच मेसेजच्या शेपटीत फास्टॅगच्या वार्षिक पासचंही आहे, ‘3,000 भरा, वर्षभर टोल फुकट’. हा पास 15 ऑगस्ट 2025 ला 3,000 रुपयांना सुरू झाला, पण तो राष्ट्रीय महामार्गांच्या टोलनाक्यांवर चालतो, आणि 200 फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे राज्याचा. तिथे पास दाखवून उपयोग नाही, पैसे कापले जाणारच. समृद्धीवरही तेच. पास घ्यायच्या आधी फास्टॅगचा मागच्या वर्षीचा हिशोब काढा आणि त्यातले राष्ट्रीय महामार्गाचे तेवढे बेरजेला घ्या.

राहिला ऑफ सीझन. इथे काका निम्मे बरोबर आहेत. जुलैत मालवणला खोली खरंच स्वस्त मिळते, घासाघीसही चालते. पण ‘तीच सहल’ मिळत नाही. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद असतात, किल्ला किनाऱ्यावरून छत्रीखालून बघायचा. वॉटर स्पोर्ट्‌स बंद. जून-जुलैत यांत्रिक मासेमारीला बंदी, म्हणजे ज्या सुरमईसाठी माणसं मालवण गाठतात ती ताटात आली तर बर्फातली समजा. एका जुलैत पुण्याचे पाहुणे आमच्याबरोबर आले होते. खानावळीच्या मालकीणबाईंनी सरळच सांगितलं, ‘सुरमई देऊ शकते, पण खाऊ नका.’ मग त्यांनी सुक्या बांगड्याची किसमूर, खाडीतली चार मुडदुशी आणि कुळथाची पिठी वाढली. पाहुण्यांमधले दोघे खूष झाले. दोघांनी तोंडं वाकडी केली आणि संध्याकाळी बाजारात चिकन कुठे मिळतं ते शोधत फिरले. खोलीचे वाचवलेले पैसे बघता बघता तिथे गेले.