एका फाइलसाठी अख्खं मशीन रिस्टोअर? कशाला?

व्हर्च्युअल मशीन सांभाळणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये एक मेसेज फिरून फिरून येतो. त्यात म्हटलंय ते असं: व्हीएमच्या डिस्कचा बॅकअप रीड-ओन्ली (फक्त वाचता येणारा) असेल तर त्यातून एकटी फाइल निघत नाही, पूर्ण मशीन रिस्टोअर करावं लागतं. माउंट करायचंच असेल (म्हणजे डिस्क फोल्डरसारखी उघडायची असेल) तर ‘आरओ’, म्हणजे रीड-ओन्ली, लावा, मग काहीच लिहिलं जात नाही. एरर आली तर बॅकअप गेला समजा. आणि चालू मशीनचा बॅकअप म्हणजे कचराच. खाली ‘सगळ्यांना पाठवा’ आहेच. परवा तो पाचव्यांदा आला, म्हणून हे लिहितोय.

‘एकटी फाइल निघत नाही.’

निघते, आणि लिनक्सवर त्यासाठी विकतचं काही लागत नाही. लिबगेस्टएफएस या मोफत टूलसंचातल्या गेस्टमाउंटला रीड-ओन्लीचा आणि आय हे ऑप्शन देऊन इमेजचं (डिस्कच्या प्रतीच्या फाइलचं) नाव सांगितलं की आतली पार्टिशन्स (डिस्कचे भाग) तोच शोधतो आणि समोर साधा फोल्डर उघडतो. चाळीस केबीच्या कॉन्फिग फाइलसाठी ५०० जीबी ओढून आणणं म्हणजे डोंगर पोखरून उंदीर काढणं. एक गिगाबिटचं नेटवर्क पूर्ण मोकळं असलं तरी सव्वा तास जातो.

वेळ गेला तर गेला, पण रिस्टोअर केलेलं मशीन चालू केलं की ते स्वतःला मूळ मशीनच समजतं. तोच आयपी, तेच क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं). एका पतसंस्थेत माझ्याच हातून हे झालंय. काढायची होती एक एक्सेल शीट. मशीन उठलं आणि त्याने कर्जदारांना गेल्या महिन्याच्या हप्त्याचे एसएमएस धाडले. सकाळी काउंटरवर रांग, प्रत्येकाच्या हातात पावती. एक्सेल मिळाली होती, पण ती कुणी विचारलीही नाही.

‘आरओ लावलं की काहीच लिहिलं जात नाही.’

हा मुद्दा सगळ्यात घातक, कारण तो अर्धा खरा आहे. आरओमुळे तुम्हाला लिहिता येत नाही. फाइलसिस्टिमला (डिस्कवर फाइली मांडणाऱ्या व्यवस्थेला) येतं. चालू मशीनची डिस्क घेतली असेल तर ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइलसिस्टिमच्या जर्नलमध्ये (बदलांच्या नोंदवहीत) अर्धवट राहिलेले व्यवहार असतात, आणि आरओने माउंट करतानाही कर्नल (लिनक्सचा गाभा) ते आधी पूर्ण करून घेतो, म्हणजे डिस्कवर लिहितो. माउंट कमांडच्या मॅन पेजमध्येच (माहितीच्या पानातच) हे दिलंय. फाइलला ४४४ (फक्त वाचायची) परवानगी दिली म्हणूनही निर्धास्त राहू नका, रूट (सर्वाधिकारी यूजर) ती जुमानत नाही. खात्री करायची तर अशा इमेजचा एसएचए२५६ (फाइलचा ठसा, एक बाइट बदलला तरी बदलणारा आकडा) काढा, लोसेटअपने लूप डिव्हाइस (फाइललाच डिस्क म्हणून दाखवणारं) बनवा, त्यावरचं पार्टिशन आरओने माउंट करा, उतरवा, परत एसएचए२५६ काढा. आकडा बदललेला असेल. कुणी ऑडिटला ‘हा बॅकअप जसाच्या तसा आहे’ असं लिहून दिलं असेल तर पंचाईत.

कुलूप माउंटला नाही, त्याखालच्या डिव्हाइसला लावायचं. लोसेटअपला किंवा क्यूईएमयू-एनबीडीला (व्हीएमच्या इमेज डिस्क म्हणून जोडणाऱ्या टूलला) आर हा ऑप्शन द्या. मग कर्नल लिहू शकत नाही. पण गंमत अशी की जर्नल अर्धवट असेल तर तो माउंटच नाकारतो, आणि लॉगमध्ये वर सुचवतो की नोलोड लावून बघा. नोलोड लावलं की उघडतं, पण जर्नलमधलं वाचलं जात नाही. बॅकअपच्या आधी काही सेकंदांत बदललेली फाइल अर्धवट दिसेल किंवा दिसणारच नाही. नेमकी तीच हवी असते.

म्हणून मी तिसरी वाट धरतो. क्यूईएमयू-इमेजने बॅकअपवर एक रिकामी क्यूकाउ२ (व्हीएमच्या डिस्कचा एक फॉरमॅट) फाइल चढवायची, बॅकअप तिची बॅकिंग फाइल, म्हणजे खालचा आधार. सुरुवातीला ती दोनशे केबीच्या आसपास असते. आता खुशाल राइट परवानगीने माउंट करा. जर्नल पूर्ण होतं, पण लिहिलं जातं ते सगळं वरच्या फाइलमध्ये. काम झालं की ती डिलीट. मूळ इमेजचा एसएचए२५६ तोच राहतो. गेस्टमाउंटही रीड-ओन्लीमध्ये आतून हेच करतो.

‘एरर आली तर बॅकअप खराब.’

ही तर सुतावरून स्वर्ग गाठायची घाई. अख्खी डिस्क थेट माउंट केली तर ‘राँग एफएस टाइप’ येणारच, कारण फाइलसिस्टिम बहुधा २०४८व्या सेक्टरपासून, म्हणजे १०,४८,५७६ बाइट्स सोडून सुरू होते. लूप डिव्हाइसला क्यूकाउ२ कळत नाही, तिथे क्यूईएमयू-एनबीडी लागतो. एक्सएफएस ही फाइलसिस्टिम ‘डुप्लिकेट यूयूआयडी’ (तोच ओळख-क्रमांक दुसऱ्यांदा) म्हणून अडते, कारण मूळ डिस्क त्याच मशीनवर जिवंत असते, नोयूयूआयडी लावा. एलव्हीएमचंही (डिस्कांचे गट करणाऱ्या लिनक्सच्या व्यवस्थेचंही) तसंच, एका नावाचे दोन व्हॉल्यूम ग्रुप त्याला चालत नाहीत. त्यापेक्षा फाइल काढायला वेगळं छोटं मशीनच ठेवावं. डीमेसेजच्या (कर्नलच्या लॉगच्या) शेवटच्या दहा ओळी वाचल्याशिवाय बॅकअपचं श्राद्ध घालू नका.

‘चालू मशीनचा बॅकअप कचरा.’

तो लाइट गेल्यासारखा असतो, इतकंच. लाइट जाईल हे गृहीत धरूनच इनोडीबी (मायएसक्यूएलचं स्टोरेज इंजिन) आणि पोस्टग्रेस डेटाबेस आपापले लॉग लिहितात. गेस्ट एजंट (मशीनच्या आत चालणारा मदतनीस प्रोग्राम) असेल तर स्नॅपशॉटच्या (डिस्कची त्या घडीची प्रत घेण्याच्या) क्षणी फाइलसिस्टिम गोठवतोही. अट एकच: डेटा आणि लॉग वेगळ्या डिस्कवर असतील तर दोन्हींचा स्नॅपशॉट एकाच क्षणाचा हवा. आणि डेटाबेसमधून एकटी टेबलाची फाइल उचलून नेऊ नका. पूर्ण डेटा डिरेक्टरी कॉपी करा, तिच्यावर त्याच आवृत्तीचा सर्व्हर चालवा, तिथून डंप (डेटाची निर्यात केलेली फाइल) घ्या.

मेसेजमध्ये ज्याचा उल्लेखही नाही ते हे: क्यूकाउ२च्या साखळीतली फक्त वरची फाइल बॅकअपला गेली आणि खालची बेस इमेज राहिली, तर वरचा एकही उपाय चालणार नाही. क्यूईएमयू-इमेजच्या इन्फोला बॅकिंग-चेन जोडून आजच बघून घ्या.